टर्बोगाडीचा संगणक, लेखांक ४ : ‘राखून ठेवलेली’ ताकद

टर्बो हवा कशी दाबतो हे मागच्या आठवड्यात पाहिलं. त्यानंतर नवशिक्याचा प्रश्न ठरलेला असतो : बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) किती वाढवता येईल? कंपनीने ताकद मुद्दाम दाबून ठेवली आहे, गाडीच्या संगणकातली फाइल बदलली की ती मोकळी होते, अशी समजूत त्यामागे असते. ती अगदीच बिनबुडाची नाही. पुण्याजवळच्या रांजणगावात बनणारं फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट डिझेल इंजिन एका गाडीत ७५ पीएसचं असायचं, तर दुसरीत ९० पीएसचं. मग ७५ चे ९० करायला नुसता लॅपटॉप पुरे, असं कुणालाही वाटेल. पण ९० पीएसवाल्याचा टर्बोच वेगळा होता. आतली पाती फिरवून एक्झॉस्टचा झोत हवा तसा वळवणारा. तो फाइलमधून येत नाही. आणि फाइलमध्ये जी थोडीबहुत ताकद खरंच शिल्लक असते, ती कशासाठी ठेवलेली असते हे विदर्भातल्या कारंज्याच्या मे महिन्यात लख्ख दिसतं.

थोडा हिशोब करू. हवा दुप्पट दाबाची करायची आहे आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे, असं धरा. जानेवारीत २० अंशांवर आत शिरलेली हवा कंप्रेसरमधून साधारण ११२ अंशांना बाहेर पडते. मे महिन्यात ४५ अंशांची हवा शिरली, तर तीच १४५ च्या आसपास जाते. पुढे ही हवा गार करणारा इंटरकूलर आहे, पण तोही बाहेरच्याच हवेवर गार होतो. बाहेर ४५ असताना तो ४५ च्या खाली कुठून आणणार? शिवाय बाहेरची ४५ अंशांची हवाच २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ. म्हणजे तेवढाच ऑक्सिजन मिळवायला जास्त दाबायचं, आणि जास्त दाबलं की आणखी तापणार. पेट्रोल इंजिनात अशा तापल्या मिश्रणाचा काही भाग ज्योत पोचण्याआधी आपणहून पेटतो. यालाच मिस्त्री ‘गाडी नॉक करते’ म्हणतात. नॉक सेन्सरला ते ऐकू आलं की संगणक ठिणगी उशिरा टाकतो, इंजिन वाचतं आणि पिकअप पडतो. लेहच्या थंडीत आणि विदर्भाच्या उन्हात गाडी एकाच फाइलवर चालायची असेल, तर फाइलमध्ये शिलकीची ही ऐसपैस जागा ठेवावीच लागते. युरोपातल्या ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेली फाइल इंटरनेटवरून आणून इथल्या गाडीत टाकणारा माणूस नेमकी हीच जागा खाऊन टाकतो.

म्हणून नवशिक्याने आधी वाचायला शिकावं, लिहायला नंतर. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर लावला की इंजिनाचे आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि (पेट्रोल गाडीत) ठिणगीची वेळ मोबाइलवर नोंदता येते. इथे पहिली फसगत दाबाच्या आकड्याने होते. पडद्यावर २०० किलोपास्कल दिसले की ‘दोन बार बूस्ट’ म्हणून आनंद होतो. पण हा निरपेक्ष दाब आहे. त्यातले जवळपास १०० आपल्या डोक्यावरच्या वातावरणाचेच, बूस्ट फार तर एक बार. आता पहाटे आणि भर दुपारी, त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये नोंद घ्या आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. दाब आणि आरपीएम सारखे असताना दुपारच्या तक्त्यात ठिणगी मागे सरकलेली दिसली, तर संगणक उष्णतेपायी ताकद आधीच परत घेतोय. तिथे बूस्ट वाढवून मिळेल ते मुख्यतः आणखी ताप आणि आणखी मागे सरकलेली ठिणगी.

यावर आक्षेप येतो की पाण्यात उतरल्याशिवाय पोहणं येत नाही. कबूल. पण रोजच्या वापरातली, हप्ते चालू असलेली गाडी ही शिकायची जागा नव्हे. आर्डुइनोवर चालणारा स्पीडुइनो हा खुला इंजिन संगणक आहे. त्याला टेबलावर खोटे सिग्नल देऊन इंधनाचे आणि ठिणगीचे तक्ते मनसोक्त बदलता येतात. चुकलं तर पिस्टन वितळत नाही. दुसरा आक्षेप डिझेलवाल्यांचा : आमच्यात असं नॉकिंग नाही, मग भीती कसली? डिझेलमध्ये इशारा वेगळ्या वाटेने येतो. इंधन वाढलं आणि हवा पुरली नाही की काळा धूर निघतो, एक्झॉस्ट तापतो आणि टर्बोचं टर्बाइन भाजून निघतं. आवाज येत नाही, म्हणून तर ते जास्त घातक. राहिला कायदा. नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांपासून गाडी वेगळी पडेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. वॉरंटी आणि पीयूसी हे आणखी वेगळे प्रश्न. त्यांच्याकडे काणाडोळा करून ‘अर्ध्या तासात रिमॅप’ (म्हणजे फाइल बदलून देणं) विकणाऱ्यांबद्दल फारसं चांगलं बोलवत नाही.

पुढच्या लेखांकात तक्ता ओळीओळीने वाचू. तोवर दोन नोंदी जमवून ठेवा : एक कोंढाळीकडच्या सपाट रस्त्याची, दुसरी तळेगावच्या सत्याग्रही घाटाच्या चढाची. वेगमर्यादेत चालवा, एसीची स्थिती दोन्ही वेळी सारखी ठेवा, आणि मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या.