वस्तीवरचा दुसरा थर : संवर्धित वास्तव आणि सुरतेतला खानदेश (लेखांक ६)

शहादा तालुक्यात सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेल्या पुरुषोत्तमनगरच्या वाचकाला स्थलांतर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की त्या उठतात. दुसरीकडे याच मुलखातली असंख्य कुटुंबे यंत्रमाग, रंगाईच्या मिला आणि कापडबाजारातील कामासाठी सुरतेला गेली आणि लिंबायत, उधना, डिंडोली यांसारख्या भागांत कायमची स्थिरावली. सुरत म्हटली की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही साले चटकन आठवतात, परंतु पोट भरण्यासाठी तिथे गेलेल्या मराठी आणि अहिराणी माणसांची सुरत मात्र इतिहासलेखनात क्वचितच येते. अशा वस्तीकडे केवळ मजुरांचा तळ म्हणून पाहिले जाते आणि तिथे वाढलेल्या मुलांनाही तीच नजर लागते, म्हणून नव्या तंत्राने तिची गोष्ट तिच्याच गल्ल्यांत सांगता येईल का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

संवर्धित वास्तव, म्हणजेच ऑगमेंटेड रिॲलिटी, या तंत्रात मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर चित्र, आवाज किंवा त्रिमितीय आकृती बसवली जाते. आभासी वास्तवात डोळ्यांवर चढवलेले उपकरण भोवतालचे जग झाकून टाकते, इथे मात्र ते जग समोर तसेच राहते आणि त्यावर आणखी एक थर येतो. हा थर नेमक्या जागी बसावा यासाठी फोनला आपण कुठे आहोत हे कळावे लागते. उपग्रहावरून मिळणारे स्थान उंच इमारतींच्या बोळात बरेच चुकते, त्यामुळे दाट वस्तीत एखादी ठळक पाटी, दुकानाचे शटर किंवा भिंतीवरचे चित्र हीच खूण ठरवून कॅमेऱ्याला ओळखायला लावणे अधिक भरवशाचे असते.

या तंत्राचा एक गंभीर वापर लॉस एंजेलिसमधील लिटल टोकियो या जपानी स्थलांतरितांच्या वस्तीत २०२२ मध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी निघालेल्या अध्यक्षीय आदेशानंतर, सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले आणि त्यांतील अनेकांना ज्या चौकातून बसमध्ये बसवण्यात आले तिथेच कलावंत मासाकी फुजिहाता यांनी त्या काळच्या छायाचित्रांच्या आधारे ‘बी हिअर / १९४२’ हा प्रयोग उभा केला. पडद्यात पाहणाऱ्याला सामानसुमानासह थांबलेली माणसे आपल्या शेजारीच उभी दिसत. मात्र ती वस्ती रिकामी झाल्यावर तिथे कृष्णवर्णीय कामगार राहायला आले आणि काही वर्षे तिचे नावही ब्रॉन्झव्हिल असे झाले होते; एकाच रस्त्यावर अनेकांच्या आठवणींचा हक्क असतो, याची दखल अशा कामात आधीच घ्यावी लागते. लिंबायतमध्येही खानदेशी कुटुंबांशेजारी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली माणसे राहतात.

सुरतेसाठी साहित्य कमी नाही. नंदुरबारवरून जाणारा जळगाव-उधना लोहमार्ग, ज्यावरील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातमध्ये येतो, ही या गोष्टीची पहिली पायरी होय; सप्टेंबर १९९४ मधील प्लेगच्या भीतीने परतीच्या गाड्यांना झालेली गर्दी आणि ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर या पुढच्या. मात्र सर्वांत समृद्ध जागा कानबाईची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ आणि दागिने घालून देवीची स्थापना होते, रोट होतात, भाऊबंद जमतात, रात्र गाण्यांनी जागते आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक निघते. खानदेशातून हा उत्सव सुरतेच्या गल्ल्यांत गेला आहे. वर्षभर दुकान म्हणून वावरणाऱ्या एखाद्या गाळ्यासमोर फोन धरल्यावर त्याच जागी त्या रात्रीचे अहिराणी गाणे, गाणाऱ्या बाईच्या नावासह आणि संमतीसह, ऐकू आले तर तिच्या नातवंडांना त्या भाषेची लाज वाटण्याचे कारण उरणार नाही.

इथे एक धोका स्पष्ट सांगितला पाहिजे. मुंबईच्या गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी उभी केलेली वस्ती १९८२ च्या संपानंतर विस्कटली, गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि कार्यालये आली, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलची चिमणी मॉलच्या आवारात शोभेपुरती उरली. माणसे उठवून आठवण सजवणे याला पुनरुज्जीवन म्हणता येत नाही. संवर्धित वास्तवाचा थर पर्यटकांसाठी रचला तर भाडी वाढतील आणि ज्यांची गोष्ट आहे तेच वस्तीबाहेर जातील. म्हणून ध्वनिमुद्रणांची मालकी वस्तीतील मंडळाकडे असणे आणि फेरी घडवून आणणाऱ्या स्थानिक तरुणांना मोबदला मिळणे या अटी ॲप बनवण्यापूर्वीच लेखी ठरल्या पाहिजेत.

खर्चाचा क्रमही त्यानुसार उलटावा. ॲप काही वर्षांत जुने होते, फोनच्या नव्या आवृत्तीवर चालेनासे होते. नीट नोंदवलेला आवाज मात्र पुढच्या प्रत्येक तंत्रात वापरता येतो. शहादा, तळोदा, नंदुरबार भागातील ज्या घरांतून माणसे सुरतेला गेली, त्या घरांतील वाचकांनी येत्या श्रावणात रोटांसाठी जमलेल्या वडीलधाऱ्यांची अहिराणी कथने आणि गाणी, त्यांना विचारून, नाव, गाव आणि साल यांसह साध्या मोबाइलवर नोंदवून ठेवावीत. संमतिपत्र कसे लिहावे, हा पुढील लेखांकाचा विषय आहे.