पुढारी कोण?

मंडळी, नेरला सभा भरली म्हणजे व्यासपीठावर जागा पुरत नाही. पण तेवढे सगळे पुढारी म्हणायचे का? दाखला आपल्याच जिल्ह्यातला घेऊ.

१९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. गुरुजी ती गोष्ट मुलांना सांगतात. ही सांगायची राहून जाते. यवतमाळला समुद्र कुठला! इथल्या शेतकऱ्याला जाचत होता तो जंगलचा कायदा. बैल दावणीला उपाशी, आणि राखीव रानातले गवत कापले तर गुन्हा. वणीचे वकील माधव श्रीहरी अणे यांनी हे दुखणे नेमके हेरले. १० जुलैला पुसदजवळच्या रानात त्यांनी आधी स्वतः विळा चालवला आणि आधी स्वतः अटक करून घेतली. ‘तुम्ही व्हा पुढे’ असे म्हटले नाही. लोक त्यांना लोकनायक म्हणत, ते उगीच नव्हे.

पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. हे पुष्कळांना रुचले नाही, मलाही पटत नाही. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींचे उपोषण सुरू झाले, सरकार त्यांना सोडेना. तेव्हा अण्यांनी ती खुर्ची सोडली. होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार हेही त्यांच्याबरोबर बाहेर पडले.