ठाणे-सोपाऱ्याचे मिशनरी बिशप जोर्दानुस

तासगाव, सांगलीकडील भाविकांना मिशनरी म्हटले की गोवा आठवतो. पण पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी सुमारे पावणेदोनशे वर्षे कोकणात वावरलेल्या जोर्दानुस काटालानी या डोमिनिकन धर्मगुरूंचे स्मरण आम्हाला अगत्याचे वाटते.

१३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधू रक्तसाक्षी झाले. जोर्दानुस त्या वेळी अन्यत्र होते. परत येऊन त्यांनी ती पार्थिवे सोपाऱ्यात दफन केली आणि भयाने निघून न जाता ते येथेच राहिले. ठाणे व सोपारा यांदरम्यान ३५ जणांचा बाप्तिस्मा झाल्याचे त्यांचे पत्र सांगते. संख्या अल्प खरी, परंतु कार्यकर्ता एकटाच! आणखी बंधू पाठवा, अशी विनवणीही ते करतात.

पोप बाविसावे योहान यांनी १३२९ मध्ये त्यांना कोल्लमचे बिशप नेमले. लॅटिन विधीचा भारतातील तो पहिला धर्मप्रांत होय.