सुपरमॅन होण्याआधीचा क्लार्क

१९३८ साली जेरी सीगल व जो शूस्टर यांनी चित्रकथेतून जगापुढे आणलेला सुपरमॅन म्हणजे पृथ्वीला लाभलेले वरदानच. २००१ ते २०११ या काळात अमेरिकेत चाललेल्या 'स्मॉलव्हिल' या दूरचित्रवाणी मालिकेने नेमके हेच गृहीत उलटे केले, असे मला वाटते. कॅन्सस राज्यातील त्या गावात परग्रहावरचे हे मूल उतरते तेच उल्कावर्षावासह. त्यात चिमुरड्या लानाचे आईवडील तिच्या डोळ्यांदेखत जातात. लेक्स लूथर या मुलाच्या डोक्यावरचे केस कायमचे नाहीसे होतात. मोठेपणी क्लार्क लानावर प्रेम करतो, पण खरे सांगू शकत नाही. बुडणाऱ्या लेक्सला तो वाचवतो आणि दोघे मित्र होतात. हाच पुढे हाडवैरी होणार, हे प्रेक्षकाला ठाऊक. क्लार्कला मात्र नाही!

तो प्रसिद्ध निळा-तांबडा वेश निर्मात्यांनी अगदी शेवटासाठी राखून ठेवला. काहींना हे रटाळ वाटेल. मला नाही वाटले. लेक्स पुन्हा पुन्हा विचारतो, क्लार्क नजर चुकवतो. ही मैत्री लेक्सच्या दुष्टपणाने जितकी तुटते, तितकीच क्लार्कच्या लपवाछपवीनेही.