लहानपणीचा समुद्र किती लांब होता?

दिवाळीच्या सुट्टीत पालघर जिल्ह्यातल्या केळवे रोड स्टेशनाबाहेर टमटमवाल्यांची हाकाटी सुरू असते. उतरणाऱ्या गर्दीतले पुष्कळजण इथे पहिल्यांदा आलेले नसतात. शाळेच्या सहलीला आलेली किंवा आजोळच्या सुट्ट्या इथे घालवलेली माणसं वीस-पंचवीस वर्षांनी मुलाबाळांना घेऊन परत आलेली असतात. शीतळादेवीचं दर्शन होतं, सुरूच्या बनात सतरंजी पसरली जाते आणि मग एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आमच्या वेळी समुद्र केवढा लांब होता!’ शिरगाव, नांदगाव, चिंचणी, बोर्डी, कुठेही जा, वाक्य तेच. घरातली मंडळी हसतात आणि विषय भज्यांकडे वळतो. माझं म्हणणं असं, की हे वाक्य हसण्यावारी नेऊ नये. किनाऱ्याबद्दल दिलेली ती साक्ष आहे. मात्र तारीख-वार नसलेली साक्ष कुठल्याच कामाची नसते, आणि आपलं सगळं स्मरणरंजन नेमकं तिथेच अडकून पडलं आहे.

स्मरणरंजनाला कमी लेखायची सवय जुनीच आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं 1688 साली बाझेलला ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द बनवला तो रोगाचं नाव म्हणून. मुलखापासून दूर राहिलेल्या स्विस लोकांना जडणारा आजार, असं त्याचं निदान होतं. आज कुणी त्याला रोग म्हणत नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनातला संशय गेलेला नाही. संशयाला आधारही आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या पावलांनी मोजलेली पुळण मोठेपणी निम्मी भरणारच. शिवाय आठवण चांगल्या दिवसांची राहते, पायाला चटके बसलेल्या दुपारची राहत नाही.

याहून वजनदार आक्षेप भरती-ओहोटीचा आहे. पालघरच्या किनाऱ्याला उतार कमी, त्यामुळे ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि भरतीला तितकंच पुढे येतं. ज्यानं लांबचा समुद्र पाहिला, त्यानं कदाचित फक्त ओहोटी पाहिली. पण याचं उत्तर किनाऱ्यावरच्या माणसांकडे तयार आहे. त्यांचा हिशेब साधा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आत पाणी चढलेलं, आणि तेही उधाणाचं. शाळेची सहल अकरा-बाराला पोचली असं धरलं, तर अष्टमीच्या वर्गाला क्रिकेटचं मैदान मिळालं असेल आणि अमावस्येच्या वर्गाला नुसता काठ. दोघांच्या आठवणी खऱ्याच. सहलीची तारीख कळली की पंचांगातून तिथी काढता येते, तिथीवरून पाणी कुठे असेल याचा अंदाज येतो, आणि मग त्याच तिथीला, त्याच वेळी आज तिथे जाऊन तुलना करता येते. आठवण बेभरवशाची असते हे मान्य, पण ती तपासण्याची सोय आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात आहे.

तपासायला लागलं की पहिला धक्का सुरूच बसवतो. ‘पूर्वीसारखा किनारा’ म्हटलं की डोळ्यांपुढे सुरूचं बन उभं राहतं. पण सुरू इथला नव्हे. आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचं हे झाड. एकोणिसाव्या शतकात मद्रासच्या किनाऱ्यावर त्याची लागवड झाली ती जळणासाठी, त्यात आगगाडीच्या इंजिनांचं जळणही आलं. आपल्याकडच्या रांगा वारा आणि वाळू अडवण्यासाठी माणसानं लावलेल्या आहेत. त्याआधी इथे जे काही उगवत होतं, त्याची आठवण सुट्टीला येणाऱ्या कुणालाच नाही. म्हणजे ‘पूर्वीसारखं करा’ ही मागणी मुळातच ढिली आहे. कुणाच्या पूर्वीसारखं? नातवाच्या, बापाच्या की पणज्याच्या?

हाच प्रश्न डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं 1995 साली मांडला. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीत जेवढे मासे पाहते तेवढेच मूळचे समजते आणि तिथून पुढची घट मोजते. त्याआधीची घट हिशेबातून गळून जाते. फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरात हे चक्क फोटोंत दिसलं. तिथे हौशी पर्यटक बोटीनं गळ टाकायला जातात आणि परतल्यावर पकडलेल्या माशांशेजारी उभं राहून फोटो काढतात. लोरेन मॅक्लेनाकन यांनी 1956 ते 2007 या काळातले असे फोटो मोजले. फोटोत मिरवलेल्या माशाचं सरासरी वजन 19.9 किलोवरून 2.3 किलोवर आलं होतं. माणसं मात्र नव्या फोटोतही तशीच खुशीत हसताहेत, कारण त्यांच्या लेखी मासा तेवढाच असतो.

सातपाटीच्या मच्छीमारांना हे समजावून सांगावं लागत नाही. तिथला सरंगा, बाजारातलं पापलेट, 2023 साली महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली गेली. सरंग्यासाठी ती 135 मिलिमीटर आहे. घरातलं बॉलपेन घेऊन पाहा, साधारण तेवढीच. त्याहून लहान मासा धरू नये असा नियम करावा लागतो, याचा अर्थ तो धरला जात होता. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्लं सापडतात आणि पिल्लं विकली गेली की अंडी घालायला मोठी उरत नाहीत. राज्यमासा म्हणून मान मिळाला हे चांगलंच. पण ताटभर मोठा सरंगा ज्यांनी पाहिला, त्यांनी तो कुठल्या साली पाहिला हे लिहून ठेवलं असतं तर मानाइतकाच उपयोग झाला असता.

वाळूचंही तसंच आहे. किनाऱ्यावर दरवर्षी वाळू येते आणि जाते; पावसाळ्यात लाटा ती ओढून नेतात, हिवाळ्यात परत आणून टाकतात. नद्यांवर धरणं झाली की गाळ वर अडतो आणि समुद्राला मिळणारी वाळू घटते. मग किनारा खचू लागतो, घरं वाचवायला धूपप्रतिबंधक बंधारा घातला जातो, आणि इथे खरी मेख आहे: दगडी बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट त्याच्या पायथ्याची वाळू खणून नेते, शिवाय बंधारा जिथे संपतो तिथली धूप वाढते. सातपाटीत उधाणाच्या पाण्यानं बंधारा फुटून घरांत पाणी शिरण्याचे प्रसंग अनेकदा आले आहेत. अमेरिकेत अटलांटिक सिटीला 1870 साली किनाऱ्यावर फळ्यांचा रस्ता टाकला, तो हॉटेलात आणि आगगाडीच्या डब्यांत पर्यटकांच्या पायांबरोबर वाळू येऊ नये म्हणून. तिथे वाळूची कटकट होत होती. आपल्याकडे काही वर्षांनी ती जपून ठेवायची वस्तू होईल.

यावर बोईसरच्या माणसाचा आक्षेप ठरलेला असतो, आणि तो रास्त आहे. ‘तुम्ही सुट्टीला येता, आम्हाला इथे जगायचंय.’ तारापूरची अणुभट्टी 1969 पासून वीज देते, औद्योगिक वसाहतीनं हजारो घरं उभी केली, आणि वाढवणला 76,220 कोटींचं बंदर येतं आहे. हळहळ पाहुण्याला परवडते. पण गाव सोडावं लागलेल्यांचंही थोडं ऐकावं. अणुभट्टीच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. तिथल्या माणसांना परत जाऊन ‘किती बदललं’ म्हणायचीही सोय नाही. वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजाच्या संघटनेनं राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली, ती खाडीत आणि समुद्रात मिळणारी मासळी गेली म्हणून. वाढवणला तर सुमारे 1,448 हेक्टर समुद्र भरावाखाली जायचा आहे. अशा प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जातो: आधी इथे काय होतं? प्रकल्पवाल्यांकडे जाडजूड अहवाल असतो. समोरच्याकडे असते फक्त ‘आमच्या वेळी’. काम हवं की किनारा, हा वाद मी इथे सोडवत नाही. पण काय गेलं हे नीट मांडता आलं नाही तर भरपाई कशाची मागायची, हा प्रश्न कामाच्या बाजूनं बोलणाऱ्यालाही टळत नाही.

तेव्हा यंदा फराळ झाला की जुने अल्बम काढा. केळवे, चिंचणी, बोर्डीचे फोटो वेगळे करा. मागे साल, महिना आणि जमलं तर तिथी लिहा. चित्रात मागे कोणता बंधारा, कोणतं देऊळ, कुणाचं घर दिसतं तेही लिहा. घरातल्या थोरल्यांना हे आत्ताच विचारा. मग त्याच जागी जाऊन सुरूच्या पहिल्या रांगेपासून ओल्या वाळूपर्यंत पावलं मोजा आणि आकडा फोटोमागेच टिपून ठेवा. लक्ष्मीपूजन अमावस्येचं असतं; त्या दिवशी ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास असते, उजेड असतानाच.