‘हरकती व सूचना’ : नागरी सहभागाची परिभाषा

नगराच्या कारभारातील लोकसहभाग हा सामान्यतः राज्यशास्त्राचा विषय मानला जातो. परंतु सहभाग बोलण्या-लिहिण्यातून घडतो. म्हणून तो भाषाव्यवहाराचाही प्रश्न होय.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर जनतेकडून ‘हरकती व सूचना’ मागवाव्या लागतात. ह्यांतील ‘सूचना’ हा शब्द दुहेरी आहे. पाणी येणार नाही असा फलक कार्यालय लावते, तीही सूचना. आणि नागरिक कार्यालयास सुचवितो, तीही सूचनाच. पहिली कळविते, दुसरी विनविते. ‘हरकत’ मुळात अरबी, अर्थ हालचाल. मराठीत मात्र तो आक्षेप झाला. ‘हरकत नाही’ म्हणजे संमती. पण ‘हरकत आली नाही’ म्हणजे संमतीच, असे नव्हे. कार्यालयीन भाषेत ह्या दोन वाक्यांतील अंतर सहज पुसले जाते, आणि मौनाची गणना होकारात होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेरचे उदाहरण घेऊ. प्रवरा व म्हाळुंगी ह्यांच्या संगमावरील ह्या नगराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ६५,८०४ होती. येथे व्यापारी आहेत, विडी वळणाऱ्या स्त्रिया आहेत, बाजारास येणारे शेतकरी आहेत. रस्ता रुंद होणार असेल तर दुकानदार वकिलाकरवी हरकत नोंदवू शकतो. भाड्याच्या खोलीत विड्या वळणाऱ्या स्त्रीस प्रथम विचारावयाचे असते, की आपल्या खोलीचे काय होणार? हा आक्षेप नव्हे आणि सूचनाही नव्हे. त्यास त्या शीर्षकाखाली जागा नाही.

हे विचारण्यास सभाही सहज उपलब्ध नाही. संविधानाने खेड्यास ग्रामसभा दिली. नगरासाठी तशी समांतर तरतूद केली नाही. प्रभाग समित्यांची सक्ती तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या क्षेत्रांपुरतीच आहे. अर्थात नगराच्या हद्दीबाहेरील शेतकऱ्यास सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याचे जे व्यासपीठ आहे, ते हद्दीत राहावयास आल्यावर त्यास उरत नाही.

स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झाले व ३१ मार्च २०२५ रोजी संपले. जानेवारी २०१६ मध्ये निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत पुणे व सोलापूर होती. निवडलेल्या शंभर शहरांत संगमनेर नव्हते. प्रस्ताव करिताना नागरिकांशी विचारविनिमय अपेक्षित होता. परंतु शेरी आर्नस्टीन ह्यांनी १९६९ साली सहभागाच्या शिडीच्या आठ पायऱ्या वर्णिल्या, त्यांत माहिती देणे व मत घेणे ह्या मधल्याच पायऱ्या आहेत. निर्णयातील वाटा त्यांच्या वर आहे.

केवळ शब्द बदलल्याने कोणी ती शिडी चढेल असे नाही. तथापि ‘हरकती, सूचना व विचारणा’ असे शीर्षक झाले, आणि प्रत्येक विचारणेस लेखी उत्तर देण्याचे बंधन आले, तर मौनामागे संमती होती की अज्ञान, हे निदान कळू लागेल.