माकणीच्या तळाशी दडलंय काय?

लोहारा तालुक्यातल्या माकणीला तेरणेवर धरण आहे. पण मासे घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक रोहू-कटल्याची पाटी दिसली की तिथंच थांबतं. अहो, खरी चव तर खाली गाळात! शिवडा, शिंगाळा, वांब, मांगूर हे गोदावरी खोऱ्यातले तळाचे मासे. त्यांची नावं ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हे वाचाच.

शिंगाळ्याच्या मिशांना चव कळते! गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग किती होणार? तो मिशांनी तळ चाखत भक्ष्य हुडकतो. म्हणून गळाला गांडूळ लावायचं, दोरीला शिसं बांधायचं आणि गळ थेट तळाला सोडायचा. मासा लागला की हात सांभाळा. छातीजवळच्या पराचा काटा तो ताठ करून अडकवतो आणि तो काटा टोचला की ठणका लागतो.

समुद्रातही शिंगाळा आहे. कुळ वेगळं, मिशा मात्र तशाच. तिथं बाप अंडी तोंडात धरतो आणि पिल्लं मोठी होईपर्यंत उपाशी राहतो. आपल्याकडच्या चिलापीत हेच काम आई करते.

तसं खारं पाणी माकणीपासून लांबच. तेरणा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. पण तळाचा विषय निघालाच आहे, तर समुद्राच्या तळाचा सगळ्यात अजब रहिवासीही ऐका, तो म्हणजे लेप मासा. जन्मतो तेव्हा त्याचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, मग एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला जातो आणि लेप कायमचा कुशीवर आडवा होतो. कोकणात तो तळून खातात. आपल्याकडं आठवडी बाजारात येतात ते सुके बोंबील आणि सुकट.

परत गोड्या पाण्यात येऊ. मांगूर पाण्याबाहेरही तग धरतो, कारण हवेतून श्वास घ्यायला त्याला कल्ल्यांपाशी वेगळा अवयव आहे. घेताना गावठी आहे ना, एवढं विचारा. थाई मांगूर पाळायला आपल्या देशात बंदी आहे.

आता वांब. लांबडी अंगकाठी पाहून लोक साप समजतात आणि एक उत्तम मासा सोडून देतात! दिवसा ती वाळूत अंग पुरून नुसतं नाक बाहेर ठेवते. पाठीवर बारीक काट्यांची रांग असते आणि अंग इतकं बुळबुळीत की हातात ठरत नाही. चुलीतली राख चोळायची, मग पकड बसते आणि बुळबुळही निघते. काटे काढून बोटभर तुकडे करायचे, हळद-मीठ लावायचं. रश्शाला येसूर लावा, सोबत ज्वारीची गरम भाकरी घ्या. पापलेटसुद्धा मला यापुढं फिकं वाटतं.

गाळाचा वास येतो म्हणता? तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पहिल्या पावसात मातीला जो सुगंध सुटतो, तोही त्याचाच! आंबटापुढं तो टिकत नाही. तुकडे थोडा वेळ चिंचेच्या कोळात ठेवा, वास उतरतो.

शिवड्याचा जबडा थेट डोळ्यांच्या मागंपर्यंत फाटलेला असतो. लहान मासे तो अख्खेच गिळतो. पण हा दांडगा मासा आता जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून नोंदला गेलाय. पावसाळ्यात तळाचे मासे अंडी घालतात. तेवढे दिवस गाभोळीनं भरलेला शिवडा विकत घेऊ नका, आणि बारका गळाला लागला तर लगेच पाण्यात सोडा.